ओक उभा, पेज नाही : माउंटन मायडूंच्या हिवाळी बेगमीचं एक प्रकरण

कॅलिफोर्नियाच्या ईशान्य भागात, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या उत्तर टोकाला, फेदर नदीच्या उपनद्यांनी काही रुंद गवताळ खोरी घडवली आहेत. इंडियन व्हॅली त्यांतलं एक. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०७० मीटर, हिवाळ्यात बर्फ. खोऱ्याच्या मधोमध पाणथळ कुरण असतं, म्हणून माउंटन मायडूंची गावं कडेला, जंगल जिथे सुरू होतं तिथे वसत. ‘मायडू’ या शब्दाचा अर्थ साधा आहे : माणूस. भाषेच्या हिशेबाने या लोकांचे तीन गट होतात. डोंगरातले माउंटन मायडू, पश्चिम उतारावरचे आणि चिकोच्या सपाटीपर्यंत पसरलेले कोंकौ, आणि दक्षिणेला युबा व अमेरिकन नद्यांच्या खोऱ्यांतले निसेनान.

तिन्ही गटांचं मुख्य अन्न एकच होतं : ओक वृक्षाचं फळ, एकॉर्न. उत्तरेकडच्या मायडूंच्या उत्पत्तिकथेत पृथ्वी घडवणारा जे पहिलं मोठं झाड उगवतो त्याला बारा प्रकारची एकॉर्न लागतात, आणि सगळे त्याच्याखाली बसतात. अन्नाचा क्रम त्या कथेत स्पष्ट आहे.

इथे मांडायचं प्रकरण असं. काळ १८४८च्या थोडा आधीचा. इंडियन व्हॅलीच्या कडेला सहा माणसांचं एक घर. सप्टेंबर संपत आलेला, काळ्या ओकला भरपूर फळ. पुढचे पाच महिने बर्फ आणि चिखल. किती फळं लागतील, काम किती, कुठे बिघडतं आणि का? आणि याच प्रकरणाचा दुसरा भाग : पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तीच झाडं उभी असताना त्यांच्याखालची माणसं उपाशी कशी राहिली? कामाच्या पायऱ्या मायडू घरांत आजही जपलेल्या पद्धतीवर आणि मानववंशशास्त्रज्ञ रोलँड डिक्सन यांनी १९०५ साली छापलेल्या उत्तर मायडूंच्या नोंदींवर बेतल्या आहेत. सहा जणांच्या घराचे आकडे मात्र आम्ही मांडलेला हिशेब आहे. तो तसाच वाचावा.

हिशेब

काळ्या ओकच्या वाळलेल्या गरात सुमारे १८ टक्के स्निग्धांश, ५५ टक्के पिष्ट आणि साडेचार टक्के प्रथिनं असतात. तांदळात स्निग्धांश एक टक्कासुद्धा नसतो, यावरून हे फळ किती जड आहे ते कळेल. १०० ग्रॅम गरातून साधारण ४०० कॅलरी मिळतात. माणशी रोज २५० ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेचा अर्धा भाग एकॉर्नमधून आणि उरलेला सुकवलेलं मांस, मासे, कंद आणि बियांमधून, असं धरू. सहा माणसं, दीडशे दिवस : २२५ किलो वाळका गर.

टरफल आणि ओल वजा जाता ताज्या फळाच्या वजनाचा जेमतेम अर्धा भाग वाळका गर म्हणून उरतो. म्हणजे ४५० किलो चांगलं ताजं फळ. एका किलोत साधारण दोनशे फळं बसतात, तेव्हा नव्वद हजार फळं. किडकी वगळावी लागणार, म्हणून वेचायची सहाशे किलो. कपाळावर पट्टा घेऊन पाठीवर वाहायच्या शंकूच्या आकाराच्या टोपलीत पंचवीस किलो धरले, तर चोवीस खेपा.

आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या वर्षी जुन्या, पसरलेल्या एका काळ्या ओकखाली शंभर किलोच्या आसपास फळ पडू शकतं. सहा-सात झाडं पुरतात. अडचण वर्षाची आहे. काळा ओक दरवर्षी सारखा फळत नाही. चांगलं वर्ष दोन-तीन वर्षांतून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. त्याचं फळ पिकायलाही दोन उन्हाळे लागतात : या वसंतातला मोहर पुढच्या शरदात फळ देतो. फुलोऱ्याच्या वेळी कडक थंडी पडली तर त्याचा फटका दीड वर्षाने बसतो. म्हणून बेगमी एका हिवाळ्याची करून भागत नसे, हाताला लागेल तेवढी करावी लागे.

वेचणी

पहिली फळं ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये पडतात. ती वेचायची नाहीत. फळात भुंगेऱ्याची किंवा पतंगाची अळी शिरली की झाड ते फळ लवकर सोडतं, आणि ही पहिली पडझड बहुतेक अशीच असते. खरी वेचणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर. पुरुष आणि मोठी मुलं झाडावर चढून किंवा लांब काठीने फांद्या झोडपून फळं पाडत, बायका आणि लहान मुलं वेचत. घाईचं कारण माणूस नसून प्राणी असे : हरणं, खारी, अस्वलं, आणि खोडाच्या सालीत भोकं पाडून एकेक फळ ठोकून ठेवणारे सुतार पक्षी.

निवड हातातच होते. फळावर टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर अळी बाहेर पडून गेली आहे, आत भुसा उरला आहे. भोक नाही पण फळ हलकं लागतं, तर अळी अजून आत आहे. टोपी घट्ट चिकटलेली फळंही संशयाची, कारण निरोगी पिकलेलं फळ टोपीतून सहज सुटतं. शंका आली तर पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं ते फेकायचं. इथे आळस केला तर किंमत मोजावी लागते, कारण ढिगातल्या एका फळातली अळी आणि तिने सोडलेली ओल शेजारच्या फळांत बुरशी नेते.

चार माणसांनी दिवसाला साठ किलो वेचलं, तर दहा दिवसांत वेचणी संपते. सहा माणसांची पाच महिन्यांची निम्मी भूक दहा दिवसांत घरी. इथपर्यंत वाचून हे अन्न फुकटचं आहे असं वाटेल. डोंगरात आलेल्या गोऱ्या लोकांना तसंच वाटलं होतं, आणि त्या समजातून त्यांनी मायडूंना आळशी म्हटलं. खरं काम अजून सुरूही झालेलं नाही.

वाळवण आणि साठवण

ताजं फळ थेट साठवलं की आतून तापतं, कोंब धरतं किंवा बुरशी येते. म्हणून आधी टरफलासकट पसरून वाळवायचं, अधूनमधून उलटायचं. नीट वाळलं की आतला गर आक्रसतो आणि फळ हलवलं तर खुळखुळतो. हीच परीक्षा. वाळण्याचा दुसरा फायदा पुढे सोलताना कळतो : गराला घट्ट चिकटलेला तांबूस पापुद्रा वाळल्यावर सुटा होतो.

साठवण दोन प्रकारची. घरात मोठ्या टोपल्यांमधून, आणि घराबाहेर खांबांवर उभारलेल्या, फांद्या-डहाळ्यांनी विणलेल्या आणि वरून शाकारलेल्या कणगीत. आपल्याकडची भाताची कणगी डोळ्यांसमोर आणली तर फार चुकणार नाही, फक्त ही जमिनीपासून उंच असते. तळातून हवा खेळली पाहिजे आणि वरून पाणी शिरता कामा नये, या दोन अटी सांभाळल्या की टरफलातलं फळ वर्षानुवर्षं टिकतं. टरफल काढून साठवलेला गर मात्र खवट होतो, कारण त्यात १८ टक्के तेल आहे आणि हवा लागली की तेल बिघडतं. म्हणून सोलायचं ते रोजच्यापुरतं. हा छोटा नियमच पुढचं सगळं काम हिवाळाभर पसरवतो.

सोलणं, कुटणं

एका वेळी तीन किलो गर घेऊ. सहा जणांचं दोन दिवसांचं पीठ. त्यासाठी साधारण बाराशे फळं फोडायची. फळ उभं धरून, टोक वर करून, सपाट दगडावर ठेवायचं आणि लहान दगडाने एकच नेमका घाव. आडवं ठेवलं तर घसरतं, जोरात मारलं तर गर चिरडून टरफलात अडकतो. मिनिटाला दहा फळं म्हटली तरी दोन तास. मग गर सपाट टोपलीत चोळून पाखडायचा, पापुद्रा उडवायचा. खाचेत अडकलेला पापुद्रा एकेक करून खरवडावा लागतो. तो राहिला तर पीठ तांबूस होतं आणि कितीही धुतलं तरी कडवट चव मागे राहते.

कुटायचं ते जमिनीतून वर आलेल्या खडकातल्या उखळीत किंवा दगडी लादीवर, जड दगडी मुसळाने. खरी मेहनत मुसळ उचलण्यात आहे. पडताना ते आपल्या वजनाने काम करतं. दगडावर दगड आपटू नये म्हणून उखळीत नेहमी पुरेसा गर हवा, नाहीतर पिठात कच येते. पीठ उडू नये, सांडलेलं गोळा करता यावं यासाठी सोपरूट नावाच्या कंदाच्या तंतूंची छोटी केरसुणी. तीन किलोला साधारण तीन तास लागतात.

मग चाळणी, आणि चाळण नसताना. जवळजवळ सपाट टोपलीवर पीठ घेऊन ती तिरकी धरून टिचक्या मारायच्या : बारीक पीठ विणीला चिकटून राहतं, कण्या घरंगळून पुढे येतात. कण्या परत उखळीत. ज्यांनी घरात सूप हाताळलं आहे त्यांच्या मनगटाला ही हालचाल ओळखीची वाटेल. बारीकपणाचा हट्ट चवीसाठी नाही. पुढच्या पायरीला पाण्याने प्रत्येक कणाच्या आतपर्यंत पोचायचं आहे. जाड कणीचा गाभा तुरटच राहतो आणि एक मूठभर कण्या अख्खी टोपली बिघडवतात.

तुरटपणा काढणं

या प्रकरणाचा गाभा हाच. एकॉर्नमध्ये टॅनिन असतं, हिरड्यात किंवा बाभळीच्या सालीत असतं तेच. टॅनिन प्रथिनांना पकडून ठेवतं : कातडं कमावताना ते उपयोगी, पोटात त्रासाचं. न धुतलेलं पीठ तोंड आवळून टाकतं, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. पण टॅनिन पाण्यात विरघळतं, म्हणून सगळा प्रश्न पाण्याचा आणि वेळेचा आहे. कोकणात कातकरी-ठाकर कुटुंबं कडू करांदे राख घालून उकडतात, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच खातात. वनस्पती वेगळी, विष वेगळं, पण अन्न आणि अखाद्य यांच्यामध्ये वाहतं पाणी उभं करण्याची युक्ती तीच.

मायडू पद्धत वाळूची. ओढ्याच्या काठी स्वच्छ वाळूत किंवा भुसभुशीत मातीत उथळ वाफा करायचा. अर्धा मीटर ते मीटरभर रुंद, काठ थोडे उचललेले, तळ एकसारखा सपाट. तळ एका बाजूला कलला तर पाणी तिकडूनच पळतं आणि दुसरी बाजू तुरट राहते. पीठ पाण्यात कालवून त्यावर दोन-तीन बोटं जाडीचा थर ओतायचा. वर सीडरच्या, म्हणजे तिथल्या एका सूचिपर्णी झाडाच्या, चपट्या डहाळ्या ठेवायच्या, आणि पाणी त्या डहाळ्यांवर ओतायचं. डहाळ्या पाण्याची धार मोडतात. त्या नसल्या तर धार पिठात खड्डा पाडते, खड्ड्यातून पाणी थेट वाळूत जातं आणि बाकीच्या पिठाला काहीच होत नाही. नवशिक्याचं पीठ बहुतेक इथेच बिघडतं : वरून सगळं ओलं दिसतं, म्हणून धुतलं गेलं असं वाटतं.

पाणी आधी थंड किंवा जेमतेम कोमट, आणि मग दर फेरीला थोडं अधिक गरम. उलटं केलं तर काय होतं ते समजून घ्यावं. पिठात ५५ टक्के पिष्ट आहे. पिष्टाला उकळतं पाणी लागलं की ते फुगून खळ बनतं. खळीतून पाणी झिरपत नाही, टॅनिन आतच कोंडलं जातं आणि तो घाणा पुन्हा दुरुस्त होत नाही. आधी कोमट पाण्याने बराचसा तुरटपणा काढून टाकला की शेवटच्या गरम फेऱ्या उरलेलं काढतात आणि पीठ थोडं बांधूनही येतं. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी गोठायच्या बेताला असतं, त्यात टॅनिन फार हळू सुटतं. तेव्हा पाणी तापवण्यावाचून इलाज नाही, आणि लाकडाचा खर्च वाढतो.

पहिल्या फेऱ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी उतरतं. पाणी पूर्ण मुरल्याशिवाय पुढची फेरी ओतायची नाही. आठ-दहा फेऱ्या, तीन-चार तास. तीन किलो पिठाला पन्नास लिटरच्या आसपास पाणी जातं, म्हणून हे काम घरात होत नाही, ओढ्याशी होतं. झालं की नाही ते बोटाने : वाफ्याच्या मधून, कडेतून आणि तळाजवळून चिमूटभर घेऊन चाखायचं. मधलं गोड लागलं म्हणून थांबलं तर कडेचं तुरट निघतं.

पीठ उचलणं ही वेगळी कला आहे. ओला थर दह्यासारखा धरलेला असतो. पंजा सपाट ठेवून हलकं दाबलं की वरचा भाग हाताला चिकटून येतो. तो सर्वांत स्वच्छ. मधला थर वेगळा. तळाचा थर वाळूला लागलेला असतो. तो टोपलीत पाण्यात कालवून हिंदकळायचा, वाळू बसली की वरचं पांढरट पाणी दुसऱ्या टोपलीत ओतून घ्यायचं. पातळ पेजेला हेच वापरलं जातं, वाया काही जात नाही.

टोपलीत शिजवणं

भांडं म्हणजे टोपली, आणि तिला डांबर किंवा डिंक लावलेला नसतो. तीन काड्यांचा गाभा गुंडाळत नेत, त्यावर सालपटीच्या पट्ट्यांनी इतकी घट्ट शिवण घालायची की पाण्याने तंतू फुगले की छिद्रं आपोआप बंद होतात. म्हणून स्वयंपाकाआधी टोपली भिजवून ठेवावी लागते. कोरडी टोपली गळते.

विस्तवात दगड तापवायचे. दगड कसा हवा : घट्ट, बारीक कणांचा, कोरडा, आधी परीक्षा झालेला. नदीतून नुकताच उचललेला दगड आतल्या ओलीने विस्तवात फुटतो, आणि वाळूचा दगड पेजेत कच सोडतो. चांगले दगड घरोघरी जपून ठेवले जात. दहा लिटर पेज उकळीला आणायची तर पाचशे अंशांपर्यंत तापलेले साधारण अकरा-बारा किलो दगड लागतात. मुठीएवढ्या आकाराचे दहाएक. दोन काठ्यांनी दगड उचलायचा, राख धुण्यासाठी छोट्या टोपलीतल्या पाण्यात क्षणभर बुडवायचा आणि अलगद पेजेत सोडायचा. बुडवताना वेळ लावला तर उष्णता तिथेच जाते.

दगड पडला की ढवळणं थांबवायचं नाही. वाकवून बांधलेल्या फांदीच्या फासाने दगड सतत तळावरून फिरता ठेवायचा. एका जागी टेकला तर टोपलीचा तळ जळतो. तो पुन्हा शिवता येत नाही, आणि त्या टोपलीत कित्येक महिन्यांचं काम असतं. थंडावलेला दगड त्याच फासाने बाहेर, गरम आत. काही मिनिटांत पेज फुटफुटू लागते. विस्तवावर ठेवलेल्या भांड्यापेक्षा हे लवकर होतं, कारण उष्णता मधूनच येते. मीठ घालत नाहीत. पातळ असेल तर पितात, घट्ट असेल तर दोन बोटांनी खातात, हरणाच्या सुक्या मांसाबरोबर किंवा माशाबरोबर. उरलेल्या घट्ट पिठाची पानांत गुंडाळून, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात भाजलेली भाकरीही होते. ती दाट, काळपट आणि जड असते, प्रवासात टिकते.

आता वेळेची बेरीज करू. एका घाण्याला सोलणं दोन तास, कुटणं-चाळणं तीन, धुणं साडेतीन, शिजवणं एक : साडेनऊ तास. हिवाळ्याचे पंचाहत्तर घाणे. सातशेच्या वर तास, बहुतेक बायकांचे. वेचणीला चार माणसांचे दहा दिवस, रोजचे सहा तास धरले तर, अडीचशे तासही होत नाहीत. म्हणून ओकच्या जंगलाचा मालक कोण, एवढं विचारून भागत नाही. वाळूचा काठ कोणाचा, टोपली कोण विणणार, तिच्या काड्या कुठून येणार, हेही विचारावं लागतं.

काड्यांचा प्रश्न, म्हणजे आगीचा

टोपलीला लागणारी काडी सरळ, लवचिक, फाटे नसलेली, एका जाडीची. विलो, हेझल आणि रेडबडची जुनी झुडपं अशी काडी देत नाहीत. त्यांच्या फांद्या वाकड्या, ठिसूळ आणि किडलेल्या असतात. झुडूप जाळलं किंवा बुंध्याशी छाटलं की पुढच्या एक-दोन वर्षांत सरळ धुमारे फुटतात, आणि तेच हवे असतात. रेडबड हिवाळ्यात कापायचं, म्हणजे लाल साल काडीला धरून राहते आणि नक्षीला रंग मिळतो. काळा रंग ब्रॅकन नेच्याच्या मुळीतून येतो.

ओकलाही हीच आग लागते. वेचणी संपल्यावर, पहिल्या पावसाच्या आसपास झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा. त्याची कारणं पक्की आहेत. किडक्या फळांतल्या आणि वरच्या मातीत उतरलेल्या अळ्या मरतात, म्हणून पुढच्या वर्षी कीड कमी. जमीन मोकळी, म्हणून वेचणी सोपी. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं : डग्लस फर, पांढरा फर, सीडर यांची रोपं लहानपणीच मरतात. काळ्या ओकला ऊन लागतं. सूचिपर्णी झाडं त्याच्या सावलीत वाढून पन्नास-साठ वर्षांत त्याच्या वर जातात आणि त्याला सावलीत मारतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ती आग शेताची असते. ही जंगलाची आहे, पण दोन्हींत कुठे, कधी आणि किती जाळायचं हे ठरलेलं असतं.

साखळी कुठे तुटली

२४ जानेवारी १८४८ रोजी निसेनान प्रदेशात, कोलोमा इथे सोनं सापडलं. १८५०पर्यंत फेदर नदीच्या फाट्यांवर हजारो खाणकामगार होते. त्यांनी ओक फारसे तोडले नाहीत. घाव पडले ते दुसऱ्याच कड्यांवर.

वाळूचे काठ पहिले गेले. सोनं तिथेच होतं. ओढे वळवले, काठ उकरले, पाणी गाळाने भरलं. पुढे दक्षिणेकडच्या नद्यांवर पाण्याच्या दाबाने डोंगर फोडणाऱ्या खाणी आल्या, आणि त्यांचा गाळ ७ जानेवारी १८८४च्या न्यायालयीन निकालापर्यंत खाली वाहत राहिला. पाण्याशिवाय पीठ धुता येत नाही. दुसरं, वसाहतवाल्यांची डुकरं. ती ओकखाली मोकळी सोडली जात आणि पडलेलं फळ लोकांआधी खात. दहा दिवसांच्या वेचणीचं अन्न ती त्याहून लवकर संपवतात.

तिसरं कडं कायद्याने तुटलं. कॅलिफोर्नियाने एप्रिल १८५०मध्ये मूळ रहिवाशांच्या ‘शासन आणि संरक्षणा’चा कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमाने गवताळ रानाला आग लावणं दंडनीय ठरवलं. याच कायद्याने मुलांना गोऱ्या घरांत बांधील कामाला ठेवण्याची वाट उघडली. एकाच कागदाने आग गेली आणि आग कधी लावायची, काडी कशी चिरायची हे शिकणारे हातही गेले. या कायद्याचा विचार करताना दुसऱ्या गोष्टीवर जास्त बोललं जातं, ते योग्यच आहे. पण पहिलीने अन्न मोडलं.

१८५१-५२मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आयुक्तांनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी १८ तह केले. अमेरिकेच्या सिनेटने १८५२मध्ये गुप्त बैठकीत ते फेटाळले. कबूल केलेली जमीन मिळाली नाही, सोडलेली मात्र गेली. १८६३च्या सप्टेंबरमध्ये ४६१ कोंकौ लोकांना चिकोहून सैनिकांच्या पहाऱ्यात कोस्ट रेंज ओलांडून राउंड व्हॅलीच्या राखीव क्षेत्राकडे चालवत नेलं. पोचले २७७. ऐन वेचणीच्या महिन्यात ओकखालून उचललेली ही माणसं होती.

डोंगरातल्या माउंटन मायडूंना पुढे जमिनीचे छोटे तुकडे वाटले गेले. त्यांतले बरेच बिग मेडोजमध्ये होते. १९१४मध्ये धरण बांधून वीज कंपनीने ते विस्तीर्ण कुरण बुडवलं. आज तिथे अल्मनोर तलाव आहे. गावांच्या जागा, दफनभूमी, विलोचे काठ पाण्याखाली गेले. १९३५पासून वनखात्याचं धोरण ठरलं : दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत काळ्या ओकवर फर चढले. नकाशावर जंगल वाढलं, फळ कमी झालं.

आजची स्थिती

२००३ साली मायडू गटांनी एकत्र येऊन मायडू समिट कन्सॉर्शियम स्थापन केलं. त्याच वर्षी पीजी अँड ई या वीज कंपनीच्या दिवाळखोरीची तडजोड झाली. तिच्या अटींत कंपनीच्या पाणलोटातल्या जमिनींचं कायम संवर्धन होतं. त्यातून यलो क्रीकचं खोरं, मायडूंचं तास्माम कोयोम, नकाशावरचं हम्बग व्हॅली, मायडूंकडे यावं यासाठी त्यांनी दहा वर्षं अर्ज, सुनावण्या आणि व्यवस्थापन आराखडे यांत घालवली. २०१३मध्ये शिफारस मिळाली, प्रत्यक्ष मालकी २० सप्टेंबर २०१९ला. २३२५ एकर. पीठ धुण्याइतकाच हाही सावकाश उपक्रम होता, आणि त्यात मध्येच सोडून चालणार नव्हतं. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने तिथे सात बीव्हर, म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी, सोडले. बीव्हरचे बांध कुरणातलं पाणी अडवून धरतात, आणि पाणी अडलं की विलो परत येतो.

आगीचा कायदाही हलला. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने परंपरेने जाळणाऱ्या जाणकारांवरची विझवण्याच्या खर्चाची जबाबदारी मर्यादित केली. अक्षम्य हलगर्जी नसेल तर खर्च त्यांच्या माथी बसत नाही. पण त्याआधीच, १३ जुलै २०२१ला पेटलेल्या डिक्सी वणव्याने ९ लाख ६३ हजार एकर जाळले. ४ ऑगस्टला इंडियन व्हॅलीतलं ग्रीनव्हिल गाव गेलं. शतकभर न जळलेला पाला आणि ओकवर चढलेले फर एकदम पेटले, आणि जी आग ओकच्या बुंध्याला फक्त चाटून जायची ती शेंड्यापर्यंत गेली.

जळालेला काळा ओक बहुतेक वेळा मरत नाही, बुंध्यातून फुटतो. तिथे काम असं : फुटव्यांच्या गर्दीतून दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढणं, आजूबाजूची फरची रोपं लहान असतानाच उपटणं. उभ्या राहिलेल्या जुन्या ओकभोवतीचा जाड पाला खोडापासून हात-दोन हात दूर ओढून घेणं, नाहीतर आग लावल्यावर तो खोडाशी तासन्‌तास धुमसतो आणि सालीखालचा जिवंत थर शिजवतो. मग ओल असताना, वारा मंद असताना, छोटे तुकडे जाळणं. बीपासून उगवलेला काळा ओक तिसाव्या वर्षाच्या आत क्वचितच फळतो, आणि भरपूर फळायला त्याला ऐंशी वर्षं लागतात. २०२१च्या राखेत रुजलेल्या रोपाचं पहिलं फळ २०५०च्या सुमारास पडेल. तोवर तरुण हातांनी कुटणं, धुणं आणि टोपली शिवणं शिकलेलं असायला हवं, आणि ते शिकायला आज वाचलेल्या झाडांखालचंच फळ वापरावं लागतं.